तिखट पानांचा आळ

मी एक जुनी झारी आहे. जस्ताच्या पत्र्याची, लांब तोटीची, बुडाला ठिगळ असलेली. वसईजवळच्या गिरीज गावात, एका वाडीतल्या पंपघराच्या भिंतीवर मी खिळ्याला लटकते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघते. मित्रांनो, हसू नका! जिच्यावर भाजीला विष पाजल्याचा आळ आला, तोही नाताळच्या तोंडावर, ती आणखी कशी बघणार? तुम्ही माझ्या जागी असता तर तुमचीही मान अशीच वाकडी झाली असती. माझी तर तोटीसुद्धा वाकडी झाली आहे.

पण मी जन्मतः संशयी नव्हते हं. सुरुवातीला मी अगदी भोळी, चकचकीत आणि थोडी गर्विष्ठ होते.

वसईच्या बाजारात एक पत्र्याचे डबे करणारा कारागीर होता. त्याने एकाच पत्र्यातून आम्हा दोघी बहिणींना कापलं, वाकवलं, झाळलं. आमची जोडी हरिभाऊंनी घेतली. हरिभाऊ म्हणजे या वाडीचे मालक. त्यांच्याकडे केळी होती, माड होते आणि थंडीत मुळा, पालक, माठ यांचे वाफे असायचे. ते आम्हाला बावखलात बुडवायचे. बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं छोटं तळं. मग दोन्ही हातांत दोघी घेऊन ते वाफ्यांच्या मधून असे चालायचे की, एक थेंब वाटेवर सांडायचा नाही. तोट्या एकदम कलायच्या, आमच्या तोंडावरच्या चाळणीतून बारीक धारा पडायच्या आणि कोवळ्या रोपांना धक्काही लागायचा नाही. शेजारचे लोक बांधावर उभे राहून म्हणायचे, "पाणी घालावं तर हरिभाऊंनी!" मी मनात म्हणायचे, "आणि पाणी पडावं तर माझ्यातून!"

पुढे वाडीत औषध आलं. तापाचं नाही, किडीचं. ते कालवायला आणि फवारणीच्या पंपात ओतायला भांडं लागायचं. हरिभाऊंनी आमच्याकडे बघितलं आणि माझ्या बहिणीला उचललं. मला का नाही? कोण जाणे. त्यांचा हात तिच्यापाशी आधी पोचला, एवढंच. त्यांनी तिच्या पोटाभोवती लाल रंगाचा रुंद पट्टा ओढला.

हरिभाऊंचे नियम कडक होते. लाल झारी बावखलाला लावायची नाही. लाल झारी घरात आणायची नाही. ती बाहेर भेंडीच्या, म्हणजे भाजीच्या नव्हे, त्या पिवळ्या फुलांच्या मोठ्या झाडालाच लटकेल. ती गळायला लागली तर तिला ठिगळ लावायचं नाही, थेट मोडीत काढायची, कारण ती झाळताना कारागीर विस्तवावर धरणार, तोंडाने फुंकणार, आणि त्या बिचाऱ्याने काय पाप केलंय? कोणीतरी त्यांना विचारलं होतं, "भाऊ, पट्टा कशाला? सरळ 'विष' असं लिहा ना." तर ते म्हणाले, "लिहिलेलं पुसतं. आणि घाईत वाचतो कोण? लाल दिसलं की हात मागे, बस."

सून म्हणून सावित्री या घरात आली, तेव्हा तिला वाडी दाखवताना त्यांनी पहिली गोष्ट शिकवली ती हीच. लाल दिसलं की हात मागे.

त्या दिवसापासून बहीण भेंडीवर आणि मी घराजवळ. आमची जोडी फुटली. मी एकटीच पाणी घालत राहिले. घालता घालता माझं बूड झिजलं. हरिभाऊंनी मला पुन्हा बाजारात नेऊन एक चौकोनी ठिगळ लावून आणलं. मला त्या ठिगळाची फार लाज वाटायची. मी मुद्दाम चिखलात बसायचे, म्हणजे ते कोणाला दिसणार नाही.

मग विहिरीवर पाण्याची मोटार आली, मग पाइप आला. पाइप हा प्राणी मला पहिल्यापासून आवडत नाही. सापासारखा लोळतो आणि पाणी उधळतो. हरिभाऊ थकले. आठ वर्षांपूर्वी, ते आजारी असताना, त्यांनी मुलाला, म्हणजे प्रितेशला सांगितलं, "त्या झारीला गळती लागलीय. भंगारवाल्याला देऊन टाक." प्रितेशने दिली. बहीण गेली. सावित्री तेव्हा माहेरी होती. भेंडी रिकामी दिसली, पण लाल झारी मोडीत गेली की नुसती उतरवून ठेवली, हे तिने बघितलं नाही, आणि कोणी तिला सांगितलंही नाही. मी पंपघरात झावळ्यांच्या मागे पडून होते. काही दिवसांनी हरिभाऊही गेले.

मला त्यानंतर कोणी हात लावला नाही. एकदाच लावला. कशासाठी, ते ऐका. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी प्रितेश फाटकाला रंग देत होता. लाल रंग! ब्रश पुसायला चिंधी मिळेना, म्हणून तो पंपघरात आला, इकडे तिकडे बघितलं आणि माझ्या अंगावर ब्रश पुसला. एकदा, दोनदा, चांगला सहा-सात वेळा. माझ्या पोटावर चार बोटं रुंद लाल फराटा उठला. ज्या वाडीत लाल म्हणजे विष, त्या वाडीतल्या माणसाने, हरिभाऊंच्या पोटच्या पोराने हे करावं? पण प्रितेश लहानपणापासून वाडीत कमी आणि क्रिकेटच्या मैदानात जास्त. आता तो कारखान्यात कामाला जातो. त्याला पट्ट्याचं काय! मग माझ्यावर धूळ बसली, कोळ्यांनी जाळी विणली आणि फराटा झाकला गेला.

मग या वर्षी कृतिका आली.

म्हणजे ती आधीपासून होतीच. सावित्री आणि प्रितेशची मुलगी, नववीत शिकते. पण नोव्हेंबरमध्ये ती वादळासारखी पंपघरात शिरली. राजोडीच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेली होती. तिथे तिने एक हिरवं पान खाल्लं होतं. ती आईला सांगत होती, "आई, आधी वाटतं मुळ्याचा पाला आहे. मग वाटतं शेंगदाणे आहेत. आणि मग एकदम मिरी फुटते जिभेवर! फटाक! अरुगुला म्हणतात त्याला. कच्चंच खायचं, सॅलडमध्ये. मी बिया मागवल्या पण!"

सावित्रीने पाकिटावरचं चित्र बघितलं. फाटकीतुटकी, दातेरी पानं. "हा तर मुळ्याचाच चुलतभाऊ दिसतोय," ती म्हणाली. "आणि हे कोण खाणार?"

"सगळे! तू मला एक वाफा दे. फक्त एक!"

सावित्रीने बराच विचार केला. "विहिरीजवळचा घे. पण नाताळपर्यंत तुझी भाजी कोणी आवडीने खाल्ली नाही, तर तिथे मी मुळा लावणार. नंतर रडायचं नाही."

"डन!" कृतिका म्हणाली आणि गिरकी घेतली.

बिया खसखशीपेक्षा थोड्याच मोठ्या. पाइपने पाणी सोडलं तर सगळ्या वाहून एका कोपऱ्यात जमतात. म्हणून ती झारी शोधायला आली आणि तिने झावळ्यांमागून मला ओढलं. "अय्या, किती क्यूट आहे ही!" ती म्हणाली. मित्रांनो, आठ वर्षांनी कोणी माझ्याशी बोललं होतं. तरी मला शंका आलीच. मुलींचा उत्साह म्हणजे चार दिवसांचा, पाचव्या दिवशी मी परत झावळ्यांमागे, असं मी मनात धरलं.

पण ती रोज आली. शाळेत जायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा. चौथ्या दिवशी दोन-दोन इवली पानं वर आली. तिसऱ्या आठवड्यात वाफा हिरवागार झाला. पानांना बारीक भोकं पडली होती, सुईने टोचल्यासारखी. उड्या मारणारे काळे किडे होते, टिकलीपेक्षाही लहान. कृतिकाने औषध मागितलं नाही. ती पहाटे उठून राख भुरभुरायची.

एक गोष्ट मात्र मला तेव्हाच सांगायला हवी होती. माझ्या ठिगळाची एक कड सुटली होती. विहिरीवरून वाफ्यापर्यंत येताना निम्मं पाणी वाटेवर गळायचं. कृतिकाची चप्पल भिजायची आणि वाफा तहानलेला राहायचा. त्यात यंदा डिसेंबर आला तरी दुपारचं ऊन चटके देत होतं. आणखी एक गोष्ट घडत होती. रोजच्या गळत्या, झिरपत्या पाण्याने माझ्या अंगावरची धूळ हळूहळू धुतली जात होती.

पहिली तोडणी झाली, त्या दिवशी कृतिकाने कुंपणावरून हाक मारली, "तेरेसा आंटी! माझी भाजी खायला ये!"

तेरेसा ही शेजारीण. माहेर पाचूबंदरचं, कोळ्यांचं. वसईच्या बाजारात मासे विकते. तिला फसवणं अवघड. बर्फातला मासा ती नुसता डोळ्यात बघून जोखते, आणि माणूसही तसाच. तिने पानाचा वास घेतला, उलटसुलट केलं, पदराला पुसलं आणि एकदम चार पानं तोंडात टाकली.

आधी काही नाही. मग तिचे डोळे विस्फारले. कानशिलं लाल झाली.

"थू! थू! गो सावित्री, पानी दे! आधी पानी दे! याच्यावर काय मारलंय गो?"

"काही नाही मारलं, आंटी!" कृतिका ओरडली. "ते तिखटच असतं!"

"मला शिकवते? मिरची तिखट असते, आलं तिखट असतं. हिरवा पाला कदी तिखट असतो? जीभ जळते माझी! कोनी फवारलं, खरं सांग!"

सावित्री तांब्या घेऊन धावत आली. आणि नेमकी तेव्हाच मी वाफ्याच्या कडेला आडवी पडले होते, पोट उन्हाकडे करून. धूळ धुतली गेलेली. लाल फराटा लखलखत होता.

सावित्रीचा हात मागे गेला. तांब्या खाली पडला.

"कृतिका," ती हळू म्हणाली, "ही झारी तू कुठून घेतलीस?"

मित्रांनो, त्यानंतर जे झालं ते मला आठवतं तेव्हा माझा पत्रा थरथरतो. सावित्रीने दोघींना चुळा भरायला लावल्या, कृतिकाचे हात साबणाने तीनदा धुतले. मग तेरेसाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, काही झालेलं नाही, घरी जा. तरी रात्रीपर्यंत सावित्री दर तासाला कुंपणापाशी जाऊन विचारत होती, "तेरेसा, बरी आहेस ना?" शेवटी तेरेसा म्हणाली, "आता तू परत इचारलंस ना, तर त्यानेच मी मरीन!"

वाफ्याभोवती काट्या रोवून दोरी बांधली गेली. मला लांब काठीने उचलून त्याच भेंडीवर टांगलं. माझ्या बहिणीच्या जागी! नाताळची साफसफाई झाली की सुधाकर भंगारवाला फेरी मारतो, त्याला मला द्यायचं ठरलं.

संध्याकाळी कृतिका तावातावाने आली. "आई, लॉजिक लाव! झारीत विष असतं तर ते काळे किडे जगले असते का? पानांना भोकं आहेत. किडे मस्त खातायत!"

"किड्यांचं मला सांगू नकोस. ते औषध पिऊन जाडे होतात हल्ली."

"पण तो पाला तिखटच असतो गं!"

"तुझ्या हॉटेलात काय घातलं होतं ते मला काय माहीत? मी तुझी आई आहे. मला संशय आला की मी थांबणार."

तिचं चुकलं, असं मी म्हणणार नाही. हरिभाऊंनी तिला हेच शिकवलं होतं. पण मी भेंडीवरून सगळं बघत होते आणि मला प्रत्येकाचा राग येत होता. विशेषतः प्रितेशचा. तो कामावरून आला, त्याने सगळी हकिकत ऐकली, "अरे बापरे, डेंजर आहे!" म्हणाला आणि जेवायला बसला. ब्रश त्याला आठवलाच नाही.

कृतिका रडली नाही. तिने तेरेसाकडून मासळीचं एक थर्माकोलचं खोकं मागून घेतलं, गरम पाण्याने घासलं, त्यात रोपवाटिकेतून आणलेली नवीन माती भरली आणि उरलेल्या बिया पेरल्या. खोकं घराच्या पायरीवर ठेवलं, सावित्रीच्या डोळ्यांसमोर. पाणी फक्त नळाचं, फक्त पेल्याने. "आता यात ना वाडीची माती, ना ती झारी," ती म्हणाली. "हे तिखट निघालं, तर बोल."

ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी पानं बोटभर झाली. तेरेसा केक घेऊन आली होती. खोक्यापाशी बसून ती म्हणाली, "दे. मीच खाते. एकदा मेले नाय, आता काय मरते?" सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मीसुद्धा, झाडावरून.

तिने चावलं. डोळे बारीक केले.

"जळते," ती म्हणाली. "तीच आग. जरा कमी हाय, पन तीच. आणि मागून शेंगदाना येतो." मग तिने आणखी एक पान उचललं. "तळलेल्या बोंबलासोबत बरं लागेल गो हे."

कृतिकाने अंगणभर उड्या मारल्या. पण सावित्रीने मान हलवली. "पान सुटलं. झारी सुटली नाही. पाला तिखट असतो, मान्य. म्हणून त्या वाफ्यात विष नाही, असं थोडंच ठरतं? तो वाफा उद्या उपटून टाकते. झारी सुधाकर नेईल."

मित्रांनो, कृतिकाच्या उड्या थांबल्या. कारण आई बरोबर बोलत होती.

दुसऱ्या दिवशी सुधाकर आला, हातगाडी घेऊन. सावित्री वाफ्याकडे खुरपं घेऊन निघाली होती. कृतिका माझ्याखाली उभी होती, शाळेला सुट्टी होती आणि तोंड पडलेलं होतं. सुधाकरने हातमोजे घातले, मला उतरवलं आणि उलटं करून बुडावर बोट वाजवलं.

"वहिनी, हिच्यात काही राम नाही. बुडाला ठिगळ आहे. तेही सुटलंय."

सावित्री थांबली. "काय आहे?"

"ठिगळ. झाळलेलं."

खुरपं तिच्या हातातून गळालं. ती पळत आली आणि माझं बूड बघायला वाकली. आयुष्यभर जे मी चिखलात लपवलं, ते आता सगळ्यांसमोर, भर उन्हात!

"मामंजी लाल झारीला ठिगळ लावू द्यायचे नाहीत," ती म्हणाली. "गळली की मोडीत. त्यांनी कधी नियम मोडला नाही. मग ही लाल कशी?"

कृतिका गुडघ्यावर बसली. माझ्या पोटावरचा फराटा खाली उतरून ठिगळाच्या कडेवरही गेला होता. "आई, रंग ठिगळाच्या वर आहे! म्हणजे ठिगळ आधी, लाल नंतर. आणि आजोबा असा ओढतील पट्टा? वेडावाकडा?" तिने नखाने एक पापुद्रा काढला, धावत फाटकापाशी गेली आणि तो फाटकाला लावून बघितला. मग तिने अशी हाक मारली की केळीतले बगळे उडाले.

"पप्पाऽऽऽ!"

प्रितेश चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"फाटक रंगवलंत तेव्हा ब्रश कुठे पुसलात?"

"मी? मी कशाला..." तो म्हणाला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा फाटकासारखा झाला. "अगं, चिंधी सापडत नव्हती."

"आणि सुधाकरभाऊंना तुम्ही कुठली झारी दिली होती?" सावित्रीने विचारलं.

"गळकी होती ती. झाडावरची. बाबांनी सांगितली तीच दिली ना!"

"हे आधी सांगता येत नव्हतं?"

"विचारलं कोणी मला?"

तेरेसा कुंपणाच्या पलीकडून पोट धरून हसत होती. "प्रितेश, तुझ्या ब्रशने माजी जीभ डॉक्टरला दाखवली रे!"

तरीही सावित्री ती सावित्रीच. तिने मला राखेने आणि चिंचेने घासलं. फराटा खरवडून काढला. मग दोरी ओलांडून वाफ्यात गेली. तोपर्यंत अरुगुलाला तुरे आले होते, पांढरट फुलं, पाकळ्यांवर काळसर रेषा. तिने एक पान तोडलं, धुतलं आणि एकटीनेच खाल्लं. कृतिकाने हात पुढे केला, तर म्हणाली, "थांब. आधी मी. अर्धा तास."

अर्धा तास सगळे अंगणात बसून सावित्रीकडे बघत होते. सुधाकरसुद्धा गेला नाही. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "बाई गं, तेरेसाची चूक नाही. खोक्यातल्यापेक्षा दुप्पट झणका आहे हा!"

"पाणी कमी पडलं ना," कृतिका म्हणाली. तिने माझी सुटलेली कड दाखवली. "तहान लागली की हा पाला चिडतो."

मी मान खाली घातली असती, पण झारीला मान नसते. गुन्हा माझा होताच थोडासा. विषाचा नाही, गळण्याचा.

तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील आणि वर ती पानं, कांदा, लिंबू. अंगणातच जेवण झालं. प्रितेशला सगळ्यात जून पानं वाढली गेली. त्याने ती निमूट खाल्ली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "दोन वाफे घे तू," सावित्री लेकीला म्हणाली. "मुळा मी केळीच्या कडेला लावीन."

सुधाकरने माझी कड झाळून आणून दिली. आणि कृतिकाने एक काम केलं. माझ्या मुठीच्या जाड पट्टीवर तिने खिळ्याने टोचून टोचून अक्षरं काढली: पाणी. त्या काळ्या किड्यांनी पानं टोचली होती, तशीच बारीक भोकं. ती म्हणाली, "हे पुसणार नाही. आणि हात लावला की बोटांना लागेल, वाचायलाही नको."

हरिभाऊ असते तर त्यांनी हे चालवून घेतलं असतं, असं मला वाटतं.

तर मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल. ते कशासाठी वापरलं होतं, ते कोणालातरी ठाऊक असेल. आजच विचारा आणि पुसलं जाणार नाही असं त्याच्यावर नोंदवून ठेवा. शंका आली तर खुशाल घ्या, सावित्रीसारखी घ्या, घास बाजूला ठेवा. पण फेकण्याआधी एकदा उलटं करून बूडही बघा. आम्ही बोलू शकत नाही. आमचं खरं बऱ्याचदा आमच्या ठिगळातच असतं.

आता मी पंपघराच्या भिंतीवर आहे, रोज दोन वाफ्यांना पाणी घालते आणि एक थेंब वाटेवर सांडत नाही. सगळं छान चाललं आहे. फक्त आज सकाळी प्रितेश रंगाचा नवीन डबा घेऊन आला आहे. फाटकाचा रंग उडाला म्हणतो. तो इकडे तिकडे बघतोय, चिंधी शोधतोय.

माझं लक्ष आहे त्याच्यावर.